तिसरं नाव, पाचवं नाव

नव्वद सालाच्या पुढंमागं परभणीत एक कॉम्प्युटर क्लास निघाला. मी नाव घातलं, आणि नव्या नवलाईत बायकोचंही घातलं. मी बी.कॉम., ती बारावी. मी शिकेन, ती शेजारी बसून माझं कौतुक बघेल, असा बेत. पाथरीहून रोज एसटीनं दोघं यायचो. एक दिवस सर म्हणाले, परीक्षेत जो पुढं येईल त्याला इथंच शिकवायला ठेवू. मला नोकरी नव्हती. मी लगेच सासऱ्यांना पत्र टाकलं, जवळपास लागलोच म्हणून.

परीक्षेला दहा नावांची यादी होती. तिसऱ्यापासून पाचव्यापर्यंतची नावं पडद्यावर आणायची. मी कंसात तीन लिहिलं, मग कंसात पाच. तिसरं आलं, पाचवं आलं, चौथा गडी गायब. बायकोच्या पडद्यावर तिघंही ओळीनं हजर.

"तुम्ही दोघांनाच हाक मारली," सर मला म्हणाले. "त्यांनी कुठून कुठवर ते सांगितलं." मग तिच्याकडं वळले. "कसं लक्षात ठेवलं?"

"आवतनावानी, सर. लग्नाला एखाद्या घरात एकालाच बोलवायचं तर कोण ते नेमकं सांगावं लागतंय. पण चुलबंद सांगितलं की त्या दिवशी घरात चूलच पेटवायची न्हाई. म्हाताऱ्यापासून पाळण्यातल्या लेकरापर्यंत सगळे आले."

सर खूश. आता, आमच्या भावकीची आवतनं मी शाळेत असल्यापासून दारोदार सांगत आलोय. म्हणजे उदाहरण माझं होतं. उचललं तिनं.

मुलींची सकाळची बॅच तिला मिळाली. गल्लीत मी सांगितलं, मीच मागं सरलो. पहिल्या दिवशी तिला सोडायला गेलो आणि बाहेर पायरीवर बसलो, कान आत ठेवून. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, तिसऱ्यापासून तिसऱ्यापर्यंतच घेतलं तर?"

सांगायला लाज वाटते, पण मी पायरीवर ताठ बसलो. आता कळेल हिला, म्हटलं. मग ध्यानात आलं, उत्तर मलाही येत नव्हतं.

"नाव एकच येईल," ती म्हणाली. "पण मागितला यादीचा तुकडाच, इथून तिथवर म्हणून. आमच्या गल्लीत एक आजी एकटीच राहती. तिला बी आमी चुलबंदच सांगतो. पान एकच वाढावं लागतंय, पण चूल तर बंद झाली ना?"

पोरी हसल्या. मी उठलो आणि स्टँडवर जाऊन गाडीच्या खिडकीतून रुमाल टाकून दोन जागा धरल्या.

ती आली ती हाताला खडू लागलेला तशीच. "अवो, पोरी लय प्रश्न विचारायल्यात. ऐकलं का तुमी?"

"न्हाई. मी चहाला गेलतो."

खिडकीची जागा नेहमी तिची असायची. त्या दिवशी मी घेतली आणि पाथरी येईपर्यंत बाहेर बघत बसलो. ऊन नेमकं त्याच बाजूला होतं.