अकोल्यातलं काश्मीर

आमच्या अकोल्यातला तो फोटोवाला कॉम्प्युटरवर कोणालाही काश्मीरच्या बर्फात उभं करायचा. पण फोटो काढण्याआधी बजावायचा, "बर्फ मी टाकतो, थंडी तुमी आना." ती वर्षं नापिकीची होती. गिऱ्हाईक क्वचितच यायचं, तरी हा घाई करत नसे.

एकदा मी बसलेलो असताना हिवरखेडचं भाजी विकणारं म्हातारं जोडपं आलं. भर उन्हाळ्यात दोघं खांबासारखी ताठ उभी राहिली. हा शेजारच्या रसवंतीतून बर्फाचा खडा घेऊन आला आणि बाईच्या तळहातावर ठेवला.

"अवो माय!" म्हणत तिनं नवऱ्याचा हात गच्च धरला. यानं फोटो टिपला.

थोड्या वेळानं पडद्यावर दोघं बर्फात दिसली. म्हातारा लाजून म्हणाला, "आता तं सोड न!"

"काहून सोडू? मले थंडी वाजून राहिली."