मशीन म्हणते, वरवंटा ठीक आहे

बायांनो, बाळासाठी मशीन घ्यायच्या आधी हे वाचा.

आमचं बाळ आठव्या महिन्यातच झालं. ते झोपलं की मी त्याच्या छातीकडे बघत बसते. नवरा अकोल्याला नोकरीला, अमरावतीला शनिवारी येतो. थोडे दिवस सुट्टी घ्या म्हटलं, तर म्हणाला, "मी येऊन काय करू? मशीन घेऊ."

मोज्यासारखं घ्यावं की लंगोटाला अडकवायचं, यावर तीन आठवडे फोनवर खल झाला. लंगोटाचं घेतलं. झोपेत बाळाची हालचाल थांबली की दोघांच्याही मोबाईलवर भोंगा वाजणार.

आज सासूबाई पाळण्याची दोरी ओढता ओढता म्हणाल्या, "काहून वं, त्या मशीनले कसं समजते, पोरगं हालते का पायना?"

मी बाळाला उचलून मांडीवर घेतलं. रिकामा पाळणा हलवत नाहीत, म्हणून सासूबाईंनी बारशाला ठेवतात तसा दुपट्यात गुंडाळून वरवंटा ठेवला. मी त्याला मशीन लावलं, त्यांनी दोरी ओढली.

मोबाईलवर हिरवा दिवा. बाळ ठीक आहे.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन. "पाहून रायलो मी इथून. मस्त झोपला ना आपला राजा?"

राजा माझ्या मांडीवर टक्क जागा होता. मी "हो" म्हटलं.

आता तुम्हीच सांगा, मशीन काढू तरी कशाला? बाळाकडे मी बघते. वरवंट्याकडे त्याचा बाप बघतो.