सुमतीवहिनींचे ओढ्यातले मासे

दत्तोपंतांचं कार्ड गेल्या महिन्यात खडकीहून आलं. सुमतीवहिनी गेल्या, चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं, एवढंच त्यात होतं. खाली नेहमीसारखी सही. मी ते दोनदा वाचलं आणि कामावर गेलो.

सत्तावन्न-अठ्ठावन्नच्या सुमारास मी बेंगळुरात नोकरीला लागलो. दत्तोपंत आमच्याच कारखान्यात वरच्या जागेवर. त्यांच्या बसवनगुडीतल्या घराची बाहेरची खोली मला मिळाली. वहिनी निपाणीकडच्या. लग्नाला दोन वर्षं झाली होती, पण कन्नड येत नाही या संकोचाने त्या दाराबाहेर पडत नसत. शेजारच्या नागम्माक्का कुंपणापलीकडून काही विचारत, तर या हसून आत जात. एकदा आम्ही येलहंक्याच्याही पुढे, डोंगराच्या पायथ्याशी सहलीला गेलो. तिथल्या ओढ्यातून वहिनींनी डब्यात बोटभर लांबीचे सहा मासे आणले. अंगावर पट्टे, ओठांशी बारीक मिशा, दगडाला टेकून राहणारे. त्यांच्या माहेरी याला मुरी म्हणत. काचेच्या बरणीत ते तीन दिवसांत मेले. दत्तोपंत म्हणाले, "झालं समाधान?" वहिनींनी बरणी रिकामी केली. संध्याकाळी मला म्हणाल्या, "भाऊजी, पाणी झोपलं होतं हो. यांना वाहतं लागतं."

मी जुन्या बाजारातून एक छोटी मोटर आणली, तिला पंप जोडला. काचेच्या टाकीत एका बाजूने पाणी जोरात पडायचं, दगडगोट्यांवरून वाहत दुसऱ्या टोकाला जायचं आणि नळीतून परत वर. या खेपेला पुन्हा ओढ्यावरून आणलेल्या सातही मुऱ्या जगल्या. पाण्याच्या ओढीकडे तोंड करून त्या दगडावर बसून राहत, आणि वहिनी स्वयंपाक उरकला की त्यांच्यासमोर.

पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी आम्ही कामावर गेल्यावर वीज गेली ती दिवसभर आली नाही. पाणी थांबलं, तापलं, मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. वहिनींनी तांब्याने टाकीतलं पाणी काढून उंचावरून परत ओतायला सुरुवात केली. दुपारपर्यंत हात भरून आला. खिडकीतून नागम्माक्कांनी पाहिलं. त्या सरळ आत आल्या, "इल्लि कोडी" म्हणाल्या आणि हात पुढे केला. शब्द कळला नाही तरी हात कळला. वहिनींनी तांब्या दिला. सहा वाजता आम्ही परतलो तेव्हा पाळ्या लावून पाणी ओतणाऱ्या चार बायका घरात होत्या, आणि वहिनी मोडक्यातोडक्या कन्नडात कुणाला तरी बसायला सांगत होत्या. दोन मासे गेले होते, पाच होते. दत्तोपंतांनी कोट काढून ठेवला आणि तांब्या हातात घेतला...

त्यानंतर नागम्माक्का रोज यायच्या. वहिनी त्यांच्याबरोबर बाजारात जाऊ लागल्या.

पाच-सहा वर्षांनी दत्तोपंतांनी पुण्याकडची नोकरी धरली. निघण्याच्या आदल्या रविवारी वहिनी उरलेले मासे घेऊन त्याच ओढ्यावर गेल्या. मी सोबत होतो. डबा पाण्यात आडवा धरला तशा बाकीच्या मुऱ्या निघून गेल्या, एक मात्र तळाला चिकटून राहिली. मी बोट घालायला गेलो. "ढकलू नका," वहिनी म्हणाल्या, "तिची ती सोडील." आम्ही बराच वेळ वाट पाहिली. शेवटी ती गेली. वहिनींनी डबा विसळला आणि पदराला हात पुसले. त्यांचं माझं शेवटचं भेटणं जवळजवळ तेच.

कार्ड आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी बसवनगुडीला गेलो. नागम्माक्का ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. मी कन्नडात बातमी सांगितली. त्यांनी सूप बाजूला ठेवलं. मग स्वच्छ मराठीत, निपाणीच्या हेलात त्यांनी विचारलं, "लई त्रास झाला का हो तिला?"

इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून मराठीचा एक शब्द ऐकला नव्हता.