विमलताईंची विहीर

आज एप्रिलचा दुसरा रविवार. सकाळी साडेआठलाच ऊन भाजायला लागलेलं, वारा बंद.

सोलापुरात आमचा पुस्तकवाल्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. मी ॲडमिन, शिवाय पुस्तकांचा ब्लॉग लिहितो. ग्रुपवर घडलेलं रोज डायरीत टिपतो. पुस्तकांवर चार ओळी झाल्या की माणसांवर चार पानं भरतात!

नियम एकच, पुस्तकाशिवाय पोस्ट नाही. तरी चन्नप्पाअण्णांनी, म्हणजे आमच्या चादरीच्या दुकानदारांनी, नव्या चादरीचा फोटो टाकला. मी फोन केला.

"अण्णा, नियम?"

"फोटो मोठा करून बघा की! कोपऱ्यात पुस्तक ठेवलंय."

ठेवलं होतं. जुनी टेलिफोन डिरेक्टरी!

*

विमलताई मूळच्या मंगळवेढ्याच्या, निवृत्त शिक्षिका. त्यांनी लहानपणच्या आठवणींचं पुस्तक स्वतः छापून घेतलं आणि ग्रुपमधल्या चाळीस जणांना घरपोच दिलं. मला म्हणाल्या, "दुसरी वही लिहून तयार आहे. पण हे एकानं तरी खरंच वाचलं असं कळलं, तरच ती बाहेर काढीन. नाहीतर माळ्यावर."

मुखपृष्ठाचा फोटो ग्रुपवर टाकायचं काम माझ्याकडे. दर महिन्याला मी घरच्या विजेच्या मीटरचा फोटो काढून ठेवतो. घाईत तोच गेला. लक्षात येईपर्यंत अकरा जणांनी अभिनंदन केलं होतं! निवृत्त मुख्याध्यापक गायकवाड सरांनी लिहिलं, "मुखपृष्ठ बोलकं आहे." अण्णांनी लिहिलं, "रंग लई भारी!"

शेवटी ताईंचाच फोन आला. "आधी तुमचं मीटर काढा तिथून."

*

महिन्यानं ताईंच्या घरी पुस्तकावर चर्चा ठेवली. गायकवाड सर वीस मिनिटं बोलले. "शेवट वाचताना डोळे भरून आले!"

"कुठला शेवट, सर?" ताईंनी विचारलं.

"तोच की. पुस्तकाचा."

अण्णा म्हणाले, "मी तर एका बैठकीत वाचणार हाय. बैठक तेवढी मिळंना!"

सगळे हसले. ताई कप गोळा करायला उठल्या.

*

मीही हसलो होतो. घरी येऊन डायरी उघडली. ब्लॉगवर मी 'एका दमात वाचून संपवलं' असं लिहिलं होतं, त्या दिवशीची नोंद सापडली : "ताईंचं पुस्तक, पान ४० पर्यंत. बाकी उद्या."

पुढचे तीन आठवडे चाळले. तो 'उद्या' काही सापडला नाही.

*

आज सकाळी ताईंनी मला स्टूल धरायला बोलावलं. दुसरी वही फडक्यात बांधून झाली होती. ताई स्टुलावर चढल्या, हात माळ्याकडे गेला, आणि दारात सायकल थांबली. नरसय्या. अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात माल तपासतो. ग्रुपवर आहे, पण आजवर एक शब्द लिहिलेला नाही. हातात ताईंचं पुस्तक.

"अक्का, अठ्ठेचाळीस पानापर्यंत तुमच्या वडलांनी विहीर खणली. सोळा हात. पान उलटलं तर परत तेहतीसपासून चालू! आमच्या टॉवेलात डिझाइन असं रिपीट झालं की पीस बाजूला काढतो. एकोणपन्नास ते चौसष्ट पानं कुटं हाईत?"

ताईंनी स्टुलावरूनच पुस्तक मागून घेतलं. खरंच नव्हती. छापून आल्यावर त्यांनीही ते उघडलं नव्हतं; त्यांना ते पाठच होतं. मी एका हातानं स्टूल धरून ग्रुपवर विचारलं, पटापट उत्तरं आली. चाळीसच्या चाळीस प्रती तशाच!

"छापखान्याला विचारते," ताई म्हणाल्या.

"ते सावकाश विचारा. विहिरीला पाणी लागलं का न्हाय, तेवढं सांगा. आठ दिवस झाले, डोक्यातून जाईना."

ताई खाली उतरल्या. मूळ वही काढली आणि गळालेली सोळा पानं त्याला वाचून दाखवली.

पाणी बावीस हातांवर लागलं. दुसरी वही नरसय्या सायकलच्या कॅरियरला लावून घेऊन गेला.