डेक्लनचा सहावा बाण

आधीच सांगते, या भुताखेतांच्या सदरात मी आजवर फक्त खिल्ली उडवायला आले आहे. जुने वाचक मला ओळखत असतील. हडळीच्या प्रत्येक गोष्टीखाली "पुरावा काय?" असं विचारणारी ती आगाऊ बाई मीच. आता माझ्यावरच लिहायची वेळ आलीये, तर हसा खुशाल... पण शेवटपर्यंत वाचा.

मी वैशाली. मूळची चिंचवडची, सध्या आयर्लंडमध्ये ॲथलोनला असते. मेडिकल डिव्हाइसच्या कारखान्यात क्वालिटी इंजिनियर आहे. ऑपरेशनला लागणारी छोटी पाती किती जोर लावल्यावर कापतात, हे दिवसभर मोजायचं, आणि आकडा बसला नाही तर सही करायची नाही. सही न करण्याचाच पगार मिळतो म्हणा ना!

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये घरात बसून डोकं फिरायची वेळ आली होती. निर्बंध सैल झाल्यावर शेजारचा डेक्लन म्हणाला, "वॅल, धनुष्य धरून बघतेस का?" (वैशाली म्हणताना इथल्या लोकांची जीभ दमते, म्हणून मी वॅल.) डेक्लन सत्तरीचा, उंच, मोजकं बोलणारा; कसा आहेस विचारलं की 'ग्रँड', म्हणजे झकास, एवढंच. वयाने माझ्या बाबांएवढा, पण इथे सगळंच अरे-तुरे. आई मात्र व्हिडिओ कॉलवर त्याला 'डेक्लनराव' म्हणते, आणि त्याला ते भयंकर आवडतं.

शहरापासून वीस मिनिटांवर एका खाजगी रानात आमचा तिरंदाजीचा क्लब आहे. पायवाटेने चालत जायचं, झाडांमध्ये फोमची जनावरं उभी केलेली असतात, ठरलेल्या खुंटीपाशी थांबून बाण मारायचा. फोमचीच हं! आयर्लंडमध्ये धनुष्यबाणाने शिकार करायला कायद्याने बंदी आहे. पण डेक्लन तरुणपणी वीस वर्षं अमेरिकेत होता, आणि तिथे तो बाणाने हरणं मारायचा. त्याच्या शेडमध्ये ब्रॉडहेड्सचा एक पत्र्याचा डबा आहे. ब्रॉडहेड म्हणजे बाणाच्या टोकाला फिरवून बसवायचं शिकारीचं पातं.

तो डबा उघडला आणि आमची जी गट्टी जमली! पात्यांवर बोलणारा माणूस मला आणखी कुठे मिळणार? तो सांगायचा, हलका बाण वेगात जातो पण हाडाशी थांबतो, म्हणून जड घ्यावा. उघडमीट होणारी पाती दिसायला झकास, पण आपण साधं, पक्कं, दोन धारांचं घ्यावं. जनावर आडवं उभं असेल आणि दोन्ही फुप्फुसांतून बाण आरपार जाणार असेल तरच सोडावा, नाहीतर हात खाली. "त्याला कळायच्या आत संपलं पाहिजे," तो म्हणायचा. धार बघायला तो ताणलेला रबरबँड पात्याला नुसता टेकवायचा. तुटला तर पास. मी म्हटलं, अरे, आमच्या लॅबमध्ये याच कामाचं एवढं मोठं मशीन आहे!

एक गोष्ट मात्र मला खटकायची. डेक्लनच्या भात्यात सहा बाणांची जागा, पण तो कायम पाचच ठेवायचा. शेडच्या भिंतीवर त्याचे अमेरिकेतले जुने ॲल्युमिनियमचे बाण टांगलेले होते. प्रत्येकावर हाताने रंगवलेल्या तीन हिरव्या रेघा आणि नंबर, एक ते पाच. सहावा कुठाय, असं मी एकदा विचारलं.

मग त्याने सांगितलं. अमेरिकेतला शेवटचा मोसम. समोर मोठा नर आला. घाईघाईत सहावा बाण लावला. त्याचं पातं सरावात बोथट झालेलं होतं आणि त्याला ते ठाऊक होतं. तरी सोडला. बाण खांद्यापाशी अडकला, आणि हरीण तो अंगात घेऊन पळालं. दोन दिवस हा रान तुडवत फिरला. सापडलं नाही. त्यानंतर जिवंत जनावरावर त्याने कधी बाण उचलला नाही. "ते मेलं असतं तरी चाललं असतं," तो म्हणाला, "पण किती दिवस फिरलं असेल गं ते तसंच?" मी चहा टाकला.

आता २०२१ ची खंडेनवमी. आमच्या बाबांचं छोटं वर्कशॉप होतं. खंडेनवमीला लेथला झेंडूचा हार घालायचा आणि दसऱ्याला पूजा उतरवेपर्यंत साधा पानासुद्धा हलवायचा नाही, हा घरचा कडक नियम. मीही सकाळी पाटावर धनुष्य, बाण आणि माझा मोजमापाचा व्हर्नियर मांडून हळदकुंकू वाहिलं. आणि दुपारी... माझा शिफ्टचा ऑफ, बाहेर कधी नव्हे ते ऊन, आणि दारात डेक्लन! म्हटलं, देवीला काय कळतंय आयर्लंडमध्ये? व्हर्नियर तेवढा पाटावर ठेवला आणि कुंकवासकट बाण उचलून निघाले. आईला काही बोलले नाही.

रानात आम्ही दोघंच होतो. नवव्या टार्गेटपाशी डेक्लन मागे राहून आपले बाण उपसत होता, मी पुढे झाले. आणि वळणावर बघते तर बीच जातीच्या दोन झाडांमध्ये नवं कोरं हरीण! अमेरिकन व्हाइटटेल, आडवं, शिंगं पुढे वळलेली. आमची बरीचशी फोमची हरणं त्याच जातीची आहेत, कारण ती तिकडूनच बनून येतात. इथल्या रानातलं फॅलो हरीण वेगळं, त्याची शिंगं पंज्यासारखी चपटी. त्यामुळे मला शंकासुद्धा आली नाही. पुढच्या आठवड्यात स्पर्धा होती, वाटलं नवीन मांडलंय. खुंटी शोधायचाही दम नव्हता मला! "अरे, नवीन आलंय!" म्हणून ओरडले आणि सोडला बाण.

दोरी वाजली, आणि फोमच्या हरणाने मान वळवून माझ्याकडे बघितलं.

आई शप्पथ सांगते! ते उडालं, पांढरी शेपटी उभी करून दोन उड्यांत नेच्यांच्या पलीकडे गेलं. पायांचा आवाज नाही, काटकी मोडल्याचा नाही. मी जिवंत हरणावर बाण सोडला होता! गुन्हा, पोलिस, वर्क परमिट, सगळं डोक्यात आलं, पण त्याच्याही आधी आलं ते डेक्लनचं वाक्य... किती दिवस फिरेल ते तसंच?

डेक्लन मागेच उभा होता. चेहरा पांढराफटक. "तू पाहिलीस शेपटी?" तो म्हणाला. "पूर्ण पांढरी. आपल्या फॅलोला मध्ये काळा पट्टा असतो. वॅल, ते हरीण या देशात नाहीच."

"ते नंतर बघू रे! मला ते शोधायचंय!" मी जवळजवळ रडत होते.

वीस पावलांवर माझा बाण मातीच्या बांधात रुतलेला दिसला. उपसला. टोकाला रक्त नाही, केस नाही. कुंकवाचं बोट तसंच्या तसं. चुकला होता! एवढ्या अंतरावर माझा नेम वर्षभरात चुकला नव्हता, आणि चुकल्याचा इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता. मी अक्षरशः नाचले.

आणि नाचता नाचता खाली बघितलं, तर नेच्याच्या पानावर रक्ताचा थेंब. ओला.

पुढे दुसरा. मग तिसरा. डेक्लन वाकून चालायला लागला, मी त्याच्या मागे. शंभरेक पावलांवर एक खोलगट जागा होती. गवत दबलेलं, नुकतंच कोणीतरी बसून उठल्यासारखं. मी हात लावला तर गवत गरम होतं. आणि मधोमध पडला होता एक बाण. ॲल्युमिनियमचा, पिसं झडलेली, दोन धारांचं पातं लावलेला. तीन हिरव्या रेघा. नंबर सहा.

डेक्लन बाणाशेजारी बसला. खिशातून रबरबँड काढला, ताणला आणि पात्याला टेकवला. तुटला नाही. पुन्हा टेकवला, दाबला. नाहीच. "माझाच आहे," तो म्हणाला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. मीही रडले.

पुढच्या चिखलात खुरांचे ठसे होते. डेक्लन उठला आणि एकेक ठसा बघत गेला. चारही पाय सारखे टेकलेले, लंगडणं नाही, पळणं नाही. रक्ताचा एक थेंबसुद्धा नाही. ओढ्यापाशी ठसे संपले. डेक्लनने ओढ्यापलीकडे बघितलं. मग नाक पुसून म्हणाला, "ग्रँड चाललाय गं तो. अगदी ग्रँड."

संध्याकाळी शेडमध्ये तो बाण बाकीच्या पाचांशेजारी धरून बघितला. तोच रंग, तेच अक्षर. आता तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्यानेच आणून टाकला असेल. मीही तेच म्हटलं असतं. पण तो माझ्या मागे होता, आणि ते रक्त ओलं होतं. रक्ताचं सॅम्पल घेतलं का, असं विचारू नका... क्वालिटीची बाई मी, आणि तेच विसरले! रात्री धो धो पाऊस झाला आणि सकाळी पानं स्वच्छ. क्लबची व्हाइटटेल मोजली, सगळी आपापल्या जागेवर.

आईला शेवटी खरं सांगितलं. आधी चांगली अर्धा तास झापली. मग म्हणाली, "अगं, पूजेतला बाण उचललास म्हणून तर नेम चुकला. देवीनेच चुकवला. एक बाण अंगात असलेल्या जिवाला दुसरा कशाला?" मी नेहमीसारखं "पुरावा काय?" म्हणायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

अमेरिकेतलं हरीण इतक्या वर्षांनी समुद्रापलीकडे कसं आलं, आलं तर माझ्याच समोर का, मला सांगता येत नाही. या कागदावर मी सही करू शकत नाही, आणि नाकारूही शकत नाही.

दसऱ्याला सकाळी डेक्लन आला. ते बोथट पातं त्याने बाणावरून फिरवून काढलं आणि माझ्या पाटावर, व्हर्नियरशेजारी ठेवलं. मी त्याला हळदकुंकू वाहिलं. मग त्याने बाणाला सरावाचं साधं टोक बसवलं आणि पाठीवरच्या भात्यात खोचला. त्यानंतर आम्ही कितीदा रानात गेलो. त्याच्या भात्यात आता सहा बाण असतात.