पाण्यात तापलेला पंखा

दिवसभर पाण्यात बुडालेली वस्तू हाताला चटका देऊ शकते, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. डिंभे धरणाच्या पाण्यावर मी होडी चालवतो. फायबरची होडी, मागे पेट्रोलची मोटर, मोटरीच्या खाली पाण्यात पंखा. पलीकडच्या वाड्यांवरची माणसं बाजाराला आणायची आणि परत सोडायची. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी ऐन मधोमध मोटर बोंबलायला लागली आणि होडी काही पुढे सरकेना. मोटर बंद करून वर उचलली, पंख्याचा मधला गड्डा हातात धरला आणि धरल्याबरोबर सोडला. आम्ही त्याला हब म्हणतो. नुकताच पाण्यातून निघालेला हब तापल्या तव्यासारखा होता.

मग मी ओरडलो. आधी पंख्यावर, मग बायकोवर, कारण तिला वल्ही सापडत नव्हती, मग होडीतल्या एका शिक्षकावर, कारण तो फोनवर शाळेत 'उशीर होईल' असं सांगत होता. माझा स्वभावच तसा आहे. मी मनात काही ठेवत नाही, असं मी स्वतःच सगळ्यांना सांगायचो. वल्ही मारत पलीकडे पोचेपर्यंत माझं तोंड चालू होतं.

एरवी मी इतका अस्वस्थ झालो नसतो. मोटर म्हटली की बिघडणारच. पण माझी एकुलती एक मुलगी पोटुशी होती. तिला निरगुडसरला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, ही आमच्याकडची रीत, आणि माझं घर पाण्यापलीकडे. सातव्या महिन्यात तिला आणायचं ठरलेलं होतं. सहावा सरत आला आणि व्याह्यांचा फोन आला.

"पावणं, पोरगी धाडायला आमची ना न्हाई," ते म्हणाले. "पन तुमची होडी मधीच बंद पडती म्हणं. अवघडलेली बाई हाय. तेवढं बगा."

त्यांचं चुकीचं काहीच नव्हतं, त्यामुळे माझा संताप आणखी वाढला. फोन ठेवल्यावर मी अंगणात फेऱ्या मारायला लागलो. बायको म्हणाली, "आवं, बसा जरा." मला बसवेना. महिनाभरात मोटर धड करायची, नाहीतर माझी पोर माहेराला यायची नाही. बाकी कशात माझं लक्ष लागत नव्हतं. जेवताना घास हातात धरून मी धक्क्याकडे बघत बसायचो.

हबच्या आत रबराचा जाड बुश असतो. पंखा बुडालेल्या झाडाच्या बुंध्याला धडकला तर हा बुश घसरतो, मोटर नुसतीच फिरते आणि पंखा थांबतो, म्हणून आतलं गिअर वाचतं. तेव्हा मी मनाशी पक्कं केलं, कुठेतरी धडक बसली, बुश घसरला, घासून तापला. जुन्नरला एक चाचा आहेत, लेथवर काम करतात, वडिलांपासूनचा धंदा. त्यांच्याकडे गेलो. त्यांनी जुना बुश काढून नवा दाबून बसवला. आठवडाभर होडी छान पळाली. मग पुन्हा तेच. बोंबलणं, तापणं, वल्ही.

दुसऱ्यांदा बुश बसवला आणि कुठेही धडक बसू नये म्हणून वाटच बदलली, कडेकडेने न जाता खोल पाण्यातून जायला लागलो. चार दिवस टिकला. मग वाटलं वजन जास्त होतंय. तांदळाची पोती घ्यायची बंद केली, त्यावरून दोघातिघांशी भांडणं झाली. एका जाडजूड पाहुण्याला मी थेट 'पुढच्या खेपेला या' म्हणालो आणि त्याने माझी अक्कल काढली. मग पंख्यावर शंका घेतली. ओळखीतल्या एकाकडून दुसऱ्या मापाचा पंखा आणून लावून पाहिला. तोही तापला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा सगळा कारभार. घोडेगाव, मंचर, जुन्नर असा दुचाकीवरून मी नुसता भिरभिरत होतो. कुठे थांबलो तर चहासुद्धा उभ्याने प्यायचो.

तिसऱ्यांदा चाचांच्या दुकानात गेलो तेव्हा त्यांनी हब हातात घेतलाच नाही.

"आता न्हाई बसवनार," ते म्हणाले.

मी आवाज चढवला. माझ्या पोरीची गोष्ट आहे, दिवस थोडे राहिलेत, तुम्हाला काय जातंय बसवायला. ते ऐकत राहिले. मी दमलो तेव्हा त्यांनी फळीवरून माझे आधीचे दोन्ही बुश काढले आणि लेथच्या कडेवर ठेवले. ते त्यांनी जपून ठेवले होते, हे मला माहीतच नव्हतं.

"घसरलेलं रबर एका अंगानं घासतं, भाऊ. ह्ये बग. चौफेर कडक झालंय, चिरलंय. ह्ये घासलेलं न्हाई, भाजलंय. बाहेरून भाजलंय. मंग जाळ कुटून येतोय त्ये सांग, तवर मी नवा बसवत नाय."

जाळ कुठून येणार? या मोटरींचा धूर पंख्याच्या हबमधूनच पाण्यात सोडलेला असतो. ते मला ठाऊक होतं. पण तो धूर एवढा गरम नसतो, कारण इंजिनात फिरून आलेलं पाणी त्याच्यात मिसळतं. हे मी चाचांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं. चाचा म्हणाले, "मंग पानी येतंय का, त्ये कधी बगितलंस?"

पाणी येतंय की नाही हे दाखवायला मोटरीच्या बाजूला एक बारीक भोक असतं. मोटर चालू असताना त्यातून पिचकारी उडत राहते. ती पिचकारी मागे बसणाऱ्या बायकांच्या लुगड्यांवर उडायची, त्या कटकट करायच्या, म्हणून मी वर्षापूर्वीच त्या भोकात बाभळीची काडी ठोकून ठेवली होती.

तिथून घरी कसा आलो ते आठवत नाही. आल्या आल्या धक्क्यावर मोटर उतरवली आणि खालचा भाग खोलला. आत पाणी ओढणारं रबराचं लहानसं चक्र असतं, सहा पाकळ्यांचं. दोन पाकळ्या तुटलेल्या, उरलेल्या चार वाळक्या सालीसारख्या वाकड्या. चक्राचं असं एकाच कारणाने होतं. कोरडं फिरलं तर.

बायको शेजारी बसली होती. "दसऱ्याला," ती म्हणाली.

दसऱ्याला मी मोटर घरी आणली होती. धुतली, हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. माझी उमेदीची वीस वर्षं मंचरला पाण्याच्या मोटरी दुरुस्त करण्याच्या दुकानात गेली. तिथली रीत अशी की पूजेनंतर प्रत्येक यंत्र एकदा चालू करून दाखवायचं, म्हणजे वर्षभर चालतं. ती रीत मी घरी आणली. अंगणात लाकडी घोडीवर मोटर टांगून चालू केली. वाडीतली सगळी जमली होती. आवाज ऐकून माणसं खूश झाली, तसा मी आणखी जोर दिला. पाण्याचा थेंब नसताना चांगली पाच-सात मिनिटं. आणि मंचरला हाच मी वीस वर्षं शेतकऱ्यांवर ओरडत आलो, विहिरीत पाणी नसताना मोटर चालवता, अक्कल कुठे गहाण ठेवलीत म्हणून. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. त्या दिवशी मला ओरडायला कोणी मिळालं नाही.

नवं चक्र बसवलं, बाभळीची काडी काढली, चाचांनी तिसरा बुश बसवून दिला. पंधरा दिवस रोज हब हाताने बघितला. थंडगार. सोळाव्या दिवशी दुचाकी काढली आणि निरगुडसर गाठलं. व्याह्यांना पडवीत बसवून सगळं साग्रसंगीत सांगितलं, माझी चूकसुद्धा. ते मोकळे हसले आणि म्हणाले, "मंग या की रविवारी घ्यायला."

मी दुचाकीपाशी आलो, तशी मुलगी मागोमाग आली. शेवग्याखाली उभी राहिली.

"आप्पा, मला न्हाई यायचं," ती म्हणाली.

मला वाटलं अजून मोटरीचीच धास्ती असेल. मी पुन्हा चक्र, पिचकारी, बुश सांगायला लागलो.

"मोटरीचं मीच सांगितलं मामंजींना. दुसऱ्याच्या घरात बापाचं कसं सांगायचं?" ती खाली बघून बोलत होती. "मोटर बंद पडली तर पडू द्या. वल्ही हायती. पन तुमी वरडता. आईवर वरडता, मोटरीला लाथा घालता, आन् होडी हालती. मला पान्याचं भ्या न्हाई वाटत, आप्पा. तुमचं वाटतं. ल्हान व्हते तवापासून वाटतं."

रस्त्याने उसाचा ट्रॅक्टर गेला. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. इतक्या वर्षांत मी तिला होडीत कितीदा बसवलं, ते मोजता येत नव्हतं.

"तुझी आई चालवंल," मी म्हणालो. "मी म्होरं बसतो. तोंड उघडनार न्हाई."

ती घराकडे वळली. "बगू," म्हणाली.

रविवारी ती आली. बायकोने मागे बसून मोटर हातात घेतली. तिला येतं चांगलं, मीच कधी देत नव्हतो. मुलगी मधल्या फळीवर बसली, एक हात पोटावर आणि दुसऱ्याने कडा धरलेली. मी सगळ्यात पुढे, त्या दोघींकडे तोंड करून. ऊन स्वच्छ होतं, पिचकारी बाजूला उडत होती.

अर्ध्या वाटेवर पंख्यात जुन्या जाळ्याचा तुकडा अडकला. आवाज बदलला, होडीने गचका खाल्ला, मोटर बंद पडली. सगळं एकदम शांत झालं. माझ्या तोंडाशी आलं होतं, मी तुला सांगितलं नव्हतं का जरा डावीकडून घे. जिभेच्या टोकावर होतं. मी दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि दाबून धरले. बायकोने मोटर वर उचलली, कोयतीने जाळं कापून काढलं. वेळ लागला. तिने एक गाठ चुकीच्या बाजूने कापायला घेतली, तेही मी बघितलं.

मुलगी मागे वळली नाही. मोटरीकडे तिने एकदाही पाहिलं नाही. ती माझ्याकडे बघत होती, माझ्या तोंडाकडे, कडेवरची बोटं पांढरी होईपर्यंत. बायकोने दोरी ओढली, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा मोटर चालू झाली आणि होडी पाणी कापायला लागली. तरी तिची नजर हलली नाही. पलीकडचा काठ येईपर्यंत ती तशीच बघत होती.