पाय काढला की बंद पडणारी गाडी

आलापल्लीला बदली झाल्यावर मी एक जुनी पेट्रोल गाडी घेतली. शाळा अहेरीला. आई-बाबा सावलीचं घर बंद करून हिवाळ्यापुरते माझ्याकडे आले होते. आईला अहेरीच्या दवाखान्यात गुडघ्याचा शेक घ्यायचा होता, म्हणून ती रोज सकाळी माझ्यासोबत निघायची.

डिसेंबरची थंडी पडली आणि गाडीने नखरे सुरू केले. किल्ली फिरवली की लगेच सुरू व्हायची, पाच-सात सेकंद थरथरायची आणि गप्प. चार-पाचदा असं झालं की मग कुठे चालायची. दुपारी मात्र एका किल्लीत तयार!

बाबांनी आयुष्यभर बस चालवलेली. त्यांनी बॅटरीची टोकं गरम पाण्याने धुतली, प्लग काढून घासले, पेट्रोलचा फिल्टर नवा बसवला. दर वेळी म्हणायचे, "आता पाह्य." मी किल्ली फिरवायची, गाडी मरायची. बाबांचा चेहरा एवढासा व्हायचा.

एका सकाळी मागच्या सीटवर पाय लांब करून बसलेली आई म्हणाली, "मी एक बोलू का? हसान तर नाई?"

"बोल ना आई."

"तू पाय दाबून ठेवते तवर गाडी चालते. पाय काढला का मरते. रोज पाहून राह्यली मी."

बाबा खिडकीशी आले. "चालू कर. रेसवरचा पाय काढू नको."

गाडी छान गुरगुरत राहिली.

"काढ आता."

मेली. तीनदा केलं, तीनदा तेच. तिसऱ्या वेळी बाबा हसायलाच लागले.

"अवं, मंग इतके दिवस काऊन नाई बोलली?"

"तुमी विचारलं कुठी? तुमी तं बॅटरीले आंघोळ घालून राह्यले होते!"

रविवारी बाबांनी इंजिनात हवा नेणारा जाड पाइप सोडवला. आत चकतीसारखी झडप होती, कडेने काजळीने काळीकुट्ट. पाय काढला की ही झडप मिटते, मग कडेच्या बारीक फटीतूनच इंजिनाला हवा मिळते. ती फटच बुजली होती. तापलेलं इंजिन कसंबसं निभावून न्यायचं, गारठलेलं गुदमरायचं. पार्टच्या दुकानातून आणलेला काजळी काढायचा फवारा मारत, जुन्या टूथब्रशने आम्ही दोघांनी ती झडप तासभर हळूहळू घासली. धातू चमकायला लागला तेव्हा बाबांनी आईला मुद्दाम बोलावून दाखवला.

सोमवारी बाहेर धुकं होतं. मी किल्ली फिरवली आणि पाय उचलून मांडी घालूनच बसले. गाडी चालूच! आम्ही तिघं ऐकत राहिलो. चुलीवर रटरटणाऱ्या भातासारखा एकसारखा आवाज. शेवटी आईच म्हणाली, "चाल ना बाई, का इथीच बसाचं हाये?" बाबाही उगाच सोबत आले होते आणि सागाच्या झाडांमधून जाताना चक्क गाणं म्हणत होते.

आठवड्याभरात शेजारचे भाऊ आपली स्कूटर ढकलत दारात आले. बाबा उठले, तर ते म्हणाले, "तुमाले नाई, आईले दाखवाची हाये."

आईने खुर्ची मागवली, अंगणात बसली आणि गंभीरपणे म्हणाली, "चालू करून दाखव पह्यले. मले पाहू दे."